आधी वारा बघायचा

ता. ६ मे, मंगळवार

चि. भिंगरीस,
आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

तर सगळ्यांत आधी आली ती समोरची शिंपीणबाई. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, तशीच. टाचण्या तोंडात धरून ती जेवढं बोलते तेवढं लोकांना रिकाम्या तोंडाने जमत नाही. तिच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हर आले, तेच, बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्यामागे कुणाचं तरी मांजर. सगळे आमच्या गाडीच्या उघड्या बॉनेटभोवती उभे राहून आत वाकले, जसं काही आत कुणी आजारी निजलंय. मधोमध तुझे आजोबा, बाह्या वर सारून. ड्रायव्हर म्हणाले, गॅस गेलाय. शिंपीणबाई म्हणाली, तिच्या शिलाई मशीनचं अस्संच झालं होतं, पट्टा ढिला निघाला. मांजर काही बोललं नाही, इंजिनावर जाऊन बसलं.

अगं, पण मूळ गोष्ट सांगायची राहिलीच. गाडीचा एसी बिघडलाय. बटण दाबलं की घरघर होते, पण वारा येतो तो म्हाताऱ्याने चहावर फुंकर मारावी एवढा, आणि कोमट. गेल्या वर्षीही कमीच होता. पण आम्ही काचा खाली करून जातो. आम्हाला कुठे लांब जायचं असतं? दवाखाना, भाजी आणि पोस्ट.

आता जायचंय लांब. ताईच्या सुनेचं पत्र आलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तुझी मोठी आजी. तिच्या छातीचं दुखणं तुला ठाऊक आहे. हिवाळाभर अंथरुणाला होती, आता उठून बसते, आणि सुनेमागे लागलीय की मला चार दिवस धाकटीकडे ने. डॉक्टर म्हणाले न्या, पण गाडी थंड हवी. चार तासांचा रस्ता. काच उघडली तर धूळ, बंद केली तर भट्टी, दोन्ही तिच्या छातीला सोसायचं नाही. त्यांच्याकडे गाडी नाही. पत्र वाचून होतंय तोच तुझे आजोबा म्हणाले, मी घेऊन येतो. मला विचारलंसुद्धा नाही. आली तर आली, मला काय. सहा वर्षं नाही आली ती.

मग हे गाडी गॅरेजात घेऊन गेले. गॅरेजवाल्याने म्हणे खिडकीतून हात घातला, वाऱ्यापुढे धरला आणि बॉनेट न उघडताच सांगितलं की कॉम्प्रेसर गेला, नवा मागवावा लागेल, तीन आठवडे. चाळीस वर्षं फ्रीज दुरुस्त केलेल्या माणसाला हे ऐकवायचं, तेही यंत्राला हात न लावता. घरी आले तेव्हा यांचे कान लाल होते. जेवताना म्हणाले, मीच करतो. फ्रीज काय नि गाडी काय, गार करायची रीत एकच.

जुन्या सोबत्याकडून दाब मोजायची दोन घड्याळं, त्यांच्या नळ्या आणि गॅसची टाकी आणलीय. टाकी टेबलाखाली आहे. केर काढताना मी तिला वळसा घालते, झोपलेल्या कुत्र्याला घालावा तसा. फडकी तर विचारू नकोस. या घरात धुतलेलं फडकं एक दिवस टिकत नाही, यांच्या हाताला लागलं की गेलं तेलात.

आता पुढचं वाचून हा कागद फाड. यांनी कप उचलला की बशी वाजते. हिवाळ्यापासून. ते म्हणाले बशीच वाकडी आहे. मी बशी बदलली. दुसरीही वाकडी निघाली.

म्हणून तुला विचारते. तू त्याच कामात आहेस, यांनीच तुला शिकवलं, तू नको म्हटलंस तर ऐकतील. फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही आणि त्यांना येतं, दोन्ही अडचणच. पत्र शिंपीणबाईच्या पत्त्यावर पाठव.

जेवतेस का वेळेवर? लोभ आहेच, तो उन्हाने आटू देऊ नकोस.

तुझी आजी


ता. १२ मे, सोमवार

ती. आजीस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि. आणि दोन्ही गालांना एकेक पापा. त्याला ठरलेली अक्षरं नाहीत म्हणून पूर्ण लिहिलं.

कागद फाडला नाही. बशीचं वाक्य मला ठेवायचं होतं.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. औषधांचं गोदाम तळघरात, त्यामुळे बाहेर ऊन आहे हे मला लोकांच्या तोंडाकडे बघून कळतं. दिवसभर अंगात स्वेटर. सहा थंड खोल्या माझ्याकडे आहेत. त्यांतल्या एकीचाही पारा दोन अंशांनी चढला तर कुणाची तरी औषधं फुकट जातात, म्हणून यंत्रं मला सोडवत नाहीत.

आता गॅसचं. आजोबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. गार करायची रीत एकच. पण तो गॅस दाबून भरलेला असतो. नळी सुटली तर फवारा हातावर येतो आणि कातडी जागच्या जागी गोठते. डोळ्यात गेला तर डोळ्याचंच काही खरं नाही. मी चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय नळीला हात लावत नाही, आणि माझ्या बशा सरळ आहेत. शिवाय गाडीत तो वजनावर मोजून भरायचा असतो, यंत्राने. आजोबा फ्रीजला कान लावून भरायचे, तसा नाही.

तरीही मी त्यांना नको म्हणणार नाही. मी नको म्हटलं तर ते त्याच दुपारी करतील. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, तू पन्नास वर्षं नको म्हणत आलीयेस. मला दोन दिवस विचार करू दे.

एक विचारू? मोठी आजी सहा वर्षं का आली नाही? त्या उन्हाळ्यात परीक्षेसाठी मी तुमच्याकडेच होते. एका सकाळी ती चहा अर्धा टाकून उठली. बस चुकेल म्हणून, असं आम्हाला सांगितलं. पण तिला पोचवायला मीच गेले होते. बस यायला दोन तास होते. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, तू जा, अभ्यास कर.

लोभ राहो, आणि टाकी टेबलाखालीच राहो.

तुझी भिंगरी


ता. १७ मे, शनिवार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या त्या दोन पाप्यांची पोच.

शिंपीणबाईने पत्र ब्लाऊजच्या कापडात गुंडाळून आणून दिलं. एवढं गुपित की मलाच उलगडायला वेळ लागला. वर म्हणाली, उघडलं नाही हं मी. कोपऱ्यावर खडूची खूण होती. असो. तिच्या पोटात काही राहत नाही, पण तिचं पोट माझ्या बाजूचं आहे.

इकडचं सांगते. रोज सकाळी हे अंगणातल्या बाकावर जुनी चादर अंथरतात. तिच्यावर घड्याळं, नळ्या, पाने, सगळं ओळीने मांडतात. दवाखान्यात मांडतात तसं. मग समोर बसतात. चष्मा लावतात, काढतात, पुसतात. नंतर म्हणतात, आज ऊन फार आहे. काल म्हणाले, धूळ फार आहे. परवा म्हणाले, पान्याचा आकार चुकलाय. आणि सगळं परत आत. पाच दिवस झाले.  चादर तेवढी रोज झटकून देते. इतके दिवस मला वाटत होतं की हे करून बसतील म्हणून मला भीती आहे. आता दिसतंय की भीती त्यांनाच आहे आणि मी नुसती सोबतीला.

मधे शिंपीणबाईचा फ्रीज खोलला होता, आवाज करतो म्हणून. ते काम यांनी पाच मिनिटांत केलं, स्क्रू मी लावले. मागच्या पत्र्यावर यांचीच चिठ्ठी चिकटवलेली होती, अकरा वर्षांपूर्वीची. तुला माहीत आहे ना यांची सवय, कुठलंही यंत्र उघडलं की काय केलं त्याची चिठ्ठी, तारीख आणि सही आत ठेवल्याशिवाय बंद करायचं नाही. तूही तेच करतेस म्हणे. शिंपीणबाई चिठ्ठी वाचून इतकी खूश झाली, जसं काही फ्रीजने तिला पत्र लिहिलंय.

तू विचारलंस ते टाळणार होते. पण तू बसस्टँडवरचे दोन तास लिहिलेस, ते मला ठाऊक नव्हते.

आईचा डोईचा रुमाल होता. मोठा, दोन्ही हात पसरून धरावा एवढा. पांढरा, कडेला निळी पट्टी. एका कोपऱ्याला आईने लाल दोऱ्याने रफू केलेलं, कारण त्या दिवशी घरातला पांढरा दोरा संपला होता. उन्हात काम करताना बांधायची. शेवटी ती माझ्याकडे होती म्हणून रुमाल माझ्याकडे राहिला. ताईने एकदा मागितला होता. मी देते देते म्हटलं आणि दिला नाही. त्या उन्हाळ्यात ती राहायला आली. जायच्या दोन दिवस आधी मी रुमाल धुऊन दोरीवर टाकला, आणि संध्याकाळी कपडे काढायला गेले तर नाही. वाऱ्याचं नाव नव्हतं, उडणार कुठे? सगळं घर पालथं घातलं. मग सकाळी चहा पिताना तिला विचारलं. कसं विचारलं ते लिहवत नाही. तिने कप खाली ठेवला.

यांना काही सांगितलं नाही. आपल्या बहिणीचं असं नवऱ्याला कोण सांगेल? यांनीही विचारलं नाही. यंत्र बोलेनासं झालं तर हे यंत्र उघडतात, बायको बोलेनाशी झाली तर पेपर उघडतात.

मनातल्या मनात तो रुमाल मी तिच्या कपाटात घडी घालून ठेवलाय. सहा वर्षं तिथेच आहे. आता येतेय तर बघते, आणते का बरोबर.

आम्ही वाट बघतो त्या दोन दिवसांच्या विचाराची. लोभ होता तितकाच ठेव, जास्त नको, उन्हाळा आहे.

तुझी आजी


ता. २२ मे, गुरुवार

ती. आजोबांस,
शिष्येचा सा. न. वि. वि.

परवा माझ्या चार नंबरच्या खोलीचा पारा चढला. वरिष्ठ म्हणाले, गॅस कमी झालाय, मागवा. मी मान हलवली, आणि तेवढ्यात मला तुमची टपली आठवली. पहिला फ्रीज शिकवताना तुम्ही मारली होती ती. आधी वारा बघायचा, मग वीज, गॅस सगळ्यांत शेवटी. मी जाळी काढली. धुळीने तिची उशी झाली होती. धुतली, बसवली, तासाभरात खोली जागेवर. गॅस मागवायला लागला नाही. वरिष्ठ दोन दिवस माझ्याशी जपून बोलतायत.

गाडीचं आजीने कळवलं. तुम्हाला मी काय सांगणार. पण वारा कमी येतो असं ती लिहिते, आणि वारा कमी येणं हा गॅसचा दोष नसतो, हेही तुमच्याकडूनच शिकले. फ्रीजला नसते अशी एक वस्तू गाडीला असते. आत जाणारा वारा गाळायची जाळी. तुमच्या गाडीत ती आजी चष्म्याची डबी ठेवते त्या कप्प्याच्या मागे आहे. कप्पा दोन्ही कडांनी आत दाबला की खाली लोंबतो. पाना लागत नाही. टॉर्च आजी धरेल.

त्यापुढे गॅस भरायचा का, आणि कुणी, हे तुम्ही ठरवा. इथे गॅसची नळी आम्ही दोघं असल्याशिवाय उघडत नाही. एक जण काम करतो आणि दुसरा त्याचे हात बघतो. नियम आहे, कमीपणा नाही.

आशीर्वाद असू द्यावा आणि टपली राखून ठेवावी, मी आले की घेईन.

तुमची भिंगरी


ता. २८ मे, बुधवार

चि. भिंगरीस,
आजोबांचे आशीर्वाद. मजकूर माझा, अक्षर हिचं. माझा हात कामात आहे म्हणून. (हात मांडीवर आहे. हे वाक्य माझं. आजी.)

पत्र मिळालं. नियम माझाच आहे, मला परत ऐकवायची गरज नव्हती. (तीनदा वाचलं.) चार नंबरच्या खोलीचं काम बरोबर केलंस. जाळीची तारीख नोंदवून ठेव.

रविवारी सकाळी कप्पा उघडला. टॉर्च हिने धरला, नको तिथे धरला. (मी नीटच धरला होता, यांचं डोकं मधे येत होतं.) कप्पा लोंबला. आतून हिचे दोन जुने चष्मे मिळाले. (एक यांचा.) मागे खाच दिसली. खाचेत जाळी नव्हती. जाळीच्या जागी एक फडकं घडी घालून बसवलेलं होतं. धुळीने फळीसारखं कडक झालेलं. त्यातून वारा येत होता हेच नवल.

फडक्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. वरती तारीख, सहा वर्षांपूर्वीची, जूनची. मजकूर असा. जाळी फाटली. तात्पुरतं फडकं. नवी जाळी मिळाली की बदलणे. खाली सही.

सही माझी आहे. अक्षर सरळ आहे. हे केल्याचं मला आठवत नाही. अजूनही आठवत नाही.

फडकं काढून बटण दाबलं. वारा भरपूर. वीज तपासली, ठीक. कॉम्प्रेसर चालू आहे, गॅरेजवाला चुकला. थंडावा मात्र अजून साधारण, म्हणजे गॅस थोडा कमी आहे. तो मी भरणार नाही. टाकी आणि घड्याळं परत केली. गाडी गॅरेजात नेऊन वजनावर भरून घेईन. माझ्या समोर भरायचा, या अटीवर. कारण विचारू नकोस.

ही मधेच लिहायची थांबते. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणते. मघापासून कंसात काही लिहिलंही नाही. मी सांगितलं म्हणून हे वाक्यही तिने लिहिलं आहे.

काम नीट कर. लोभ गृहीत धर.

आजोबा


ता. २ जून, सोमवार

चि. भिंगरीस,
आजीचे आशीर्वाद, या वेळी कंसाबाहेरचे.

तू ओळखलं असशीलच. यांनी फडकं बाहेर ओढलं तेव्हा धुळीचा लोट उठला, मी तोंड फिरवलं. परत बघितलं तर टॉर्चच्या उजेडात कोपरा दिसला. लाल दोरा. धुळीत सगळं करडं झालेलं, पट्टी कुठली नि पांढरं कुठलं कळत नव्हतं, पण तो दोरा लालच होता.

हे चिठ्ठीकडे बघत होते, मी रुमालाकडे.  टॉर्च गाडीतच राहिला, संध्याकाळपर्यंत जळत होता.

मी रुमाल न्हाणीघरात नेला आणि पाण्यात घातला. पहिलं पाणी काळं, दुसरं काळं, तिसऱ्याला निळी पट्टी वर आली. बुधवारी यांनी सांगितलेलं तुझं पत्र लिहून झाल्यावर परत धुतला, तेव्हा हे दाराशी आले. उभे राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, तुमचं दोघींचं काय झालं होतं म्हणून. मी सांगितलं, पाठ न वळवता. दोरीवरचा रुमाल, घर पालथं घातलेलं, चहा. यांना तेव्हा फक्त एवढंच माहीत असणार की त्या दिवशी दोरीवर एक जुनं मऊ कापड होतं आणि जाळी फाटली होती. तेवढंही आता आठवत नाही, चिठ्ठी सांगते म्हणून मानायचं.

हे म्हणाले, "मला विचारायचं होतंस."

मी म्हटलं, "तुम्हीही."

मग त्यांनी रुमालाचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही तो पिळला. पिळताना हात थरथरले तर कळत नाही, ते बरं असतं.

शुक्रवारी गॅरेजात गेलो. हे हाताची घडी घालून उभे. गॅरेजवाल्याने यंत्र लावलं, काट्यावर वजन बघून गॅस भरला, आणि म्हणाला की कॉम्प्रेसर चांगला आहे की. हे म्हणाले, हो का. बस एवढंच. मला वाटलं होतं की त्याला चार गोष्टी सुनावतील, मी पिशवी घट्ट धरून तयारीत होते. आता गाडी अशी गार पडते की परत येताना मी पदर लपेटून बसले.

नवी जाळी यांनी स्वतः बसवली. चिठ्ठी लिहायला पेन्सिल घेतली, थोडा वेळ धरली, आणि माझ्यापुढे केली. मी लिहिलं, नवी जाळी बसवली, तारीख. हे म्हणाले सही कर. मी दोन बुकं शिकून घरी बसलेली बाई, सही करते ती पोस्टात आणि दवाखान्यात. यंत्रात पहिल्यांदाच केली. कप्पा बंद झाल्यावर दोनदा उघडून बघितली.

आता ताईला काय लिहू? चार कागद फाडले. मी तिला तोंडावर विचारलं होतं, तर पत्रात माफी मागून मोकळं व्हायचं हे मला पटेना. शेवटी एकच ओळ लिहिली. गाडी थंड झाली आहे, ये. रुमालाबद्दल अक्षर नाही. आली तर सांगीन. ते ऐकून परत उठून गेली तर पोचवायला या वेळी मी जाईन, आणि बस येईपर्यंत बाकावर बसेन.

तुझा लोभ मला आता जरा जास्त लागेल.

तुझी आजी


ता. ६ जून, शुक्रवार

चि. धाकटीस,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझी ओळ मिळाली. मोजून पाच शब्द. सहा वर्षांत वर्षाला एकसुद्धा पडत नाही.

येते. बुधवारी गाडी पाठव. सून बरोबर आहे, तिला खोकल्याच्या औषधाची वेळ माझ्यापेक्षा चांगली कळते. गच्चीचा जिना चढवणार नाही, खालीच निजेन. मागचा चहा अर्धा राहिलाय, तो प्यायचा आहे.

लोभाचं काय ते समोरासमोर बघू.

ताई


ता. १६ जून, सोमवार

चि. भिंगरीस,
घर रिकामं झाल्यावर उरलेले सगळे आशीर्वाद तुला.

बुधवारी पहाटेच गाडी निघाली. चाक वरच्या ड्रायव्हरांच्या हातात होतं. यांनीच जाऊन त्यांना सांगितलं, मला न विचारता, आणि या वेळी ते मला आवडलं. हे शेजारी बसले, एसीच्या बटणावर बोट ठेवून, जसा काही त्याचा जीव त्यांच्या बोटात आहे. दुपारी पोचली गाडी. शिंपीणबाई फाटकात आधीपासून उभी, टेप गळ्यातच. ताई उतरली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं की चार तास नुसती कुडकुडले, मेव्हण्यांनी मला भाजीसारखं ताजं ठेवलं. केवढी बारीक झालीय. पण जीभ होती तेवढीच आहे.

पहिला दिवस कामातच गेला. तिचं अंथरूण, उशा, औषधाच्या वेळा. सून फार गुणी आहे, पण ती सारखी माझ्या हातातलं काम घेते, ते मला जमत नाही. शेवटी तिला भिंतीवरचे फोटो पुसायला दिले.

गुरुवारी सकाळी चहा केला. तेच टेबल. ताई तिच्या जुन्याच खुर्चीत बसली. हे अंगणात जाऊन उभे राहिले, गाडीचं बॉनेट उगाच उघडून. मी इस्त्री केलेला रुमाल आणला आणि तिच्या कपाशेजारी ठेवला, लाल रफू वर येईल असा. कुठे सापडला ते सांगितलं. कुणी ठेवला ते सांगितलं. मग म्हटलं, मी तुला चोर म्हटलं होतं.

ती रुमालाकडे बघत म्हणाली, "म्हटलं नव्हतंस. तुझ्या पिशवीत चुकून तर नाही ना गेला, असं विचारलं होतंस. चुकून हा शब्द मला फार लागला."

  तिने रुमाल उचलून नाकाला लावला, खोकली, सून धावत आली, तिला हाताने थांबवलं. मग म्हणाली, आईचा वास पार गेला, आता नुसता गाडीचा येतोय. आणि चहा प्यायली. सगळा. कप उलटा करून मला दाखवला.

नंतर हे आत आले आणि उभ्या उभ्या तिला सांगितलं की ते फडकं त्यांनीच घेतलं होतं आणि घेतल्याचं त्यांना आठवत नाही. आठवत नाही हे दुसऱ्या माणसासमोर त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं. ताईने त्यांना बसायला सांगितलं, आणि म्हणाली की चोर सहा वर्षं घरातच होता, वर मालकिणीला दवाखान्यात पोचवत होता. हे हसले. बशी वाजली. तिने बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचाही कप मुद्दाम जरा वाजवून ठेवला. या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं ठरलंय, हाताचं दाखवायला. म्हणजे ताईने ठरवलं, आम्ही ऐकलं.

पुढचे तीन दिवस ती रुमाल बांधूनच बसली. शिंपीणबाईला तो इतका आवडला की तिने मापं घेतली, तसेच चार शिवणार म्हणे, आणि रफू पांढऱ्या दोऱ्याने नीट करून देऊ का असं विचारलं. आम्ही दोघी एकदम नको म्हणालो. सहा वर्षांत पहिल्यांदा एका आवाजात बोललो, आणि ते शिंपीणबाईला नको म्हणायला.

काल सकाळी निघाल्या. ताई खुर्चीवर बसून चपला घालत होती, रुमाल काढून तिने घडी करून टेबलावर ठेवला, अगदी माझ्या बाजूला. मी तो उचलला आणि तिच्या पिशवीत घातला, माझ्या हाताने, सुनेच्या देखत. ती नको म्हणाली. मी म्हटलं, या वेळी चुकून नाही. तिने पिशवीची चेन लावली. गाडीत बसल्यावर काच खाली करायला लावली, ड्रायव्हर ओरडले की थंडावा जाईल, तरी करायला लावली, आणि मला म्हणाली की ठेवून घेत नाही हं, परत आणते.

तू ये आता. टपली शिल्लक आहे तुझी. आजोबांनी रोजच्या कामाची चिठ्ठी मला सांगायला सुरुवात केलीय, कुठलं औषध घेतलं, कोणतं बटण बंद केलं. मी लिहिते आणि खाली दोघांच्या सह्या. एक जण काम करतो, दुसरा त्याचे हात बघतो, हे तुझंच ना.

लोभ आता सांगायला नको, तो तुझ्या गोदामातल्यासारखा नीट राखलेला आहे.

तुझी आजी

ता. क. ताई आणि सून परत येणार तो दिवस सांगून गेल्या आहेत. जुलैचा दुसरा शनिवार, बारा तारीख. मी कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने गोल केलाय, पांढरी जवळ नव्हती.